सक्तीला मालक असतो

१७ जून २०२५ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने आपल्याच निर्णयातला एक शब्द बदलला. त्याआधी दोन महिने, १६ एप्रिलच्या शासन निर्णयात, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून 'अनिवार्य' होती. त्यावर रान उठले. मग नव्या कागदातून 'अनिवार्य' गेला आणि त्याच्या जागी 'सर्वसाधारणपणे' येऊन बसला. हिंदी ही सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. ज्यांना हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा शिकायची असेल त्यांना ती मुभा राहील. मात्र शाळेत त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवली पाहिजे. हिंदी आता ऐच्छिक झाली, असा त्याचा अर्थ लावून बरेच जण मोकळे झाले.

आता त्या २० कडे बघा. महाराष्ट्रात अख्ख्या शाळेचा पटच वीसच्या आत असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. तिथे पहिलीच्या वर्गात चार मुले असतात, कधी दोनच. त्या चारही घरांनी एकमुखाने कन्नड किंवा गुजराती मागितली तरी वीस होत नाहीत. मुभा होती, पण ती वापरायला लागणारी मुले गावात जन्मायची बाकी होती. शहरातल्या मोठ्या शाळेत वीस जमतीलही. पण जमवायचे कोणी? पहिल्याच दिवशी फाटकाशी रडणाऱ्या पोराला आत ढकलून त्याच्या आईने आणखी एकोणीस आयांना गाठायचे, पटवायचे, सह्या घ्यायच्या आणि मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहायचे. हिंदी चालणाऱ्या पालकाला मात्र काहीच करायचे नव्हते. एकीकडे नुसते गप्प बसणे पुरते आणि दुसरीकडे मोहीम काढावी लागते, अशा व्यवस्थेला ऐच्छिक म्हणायचे असेल तर मग अनिवार्य कशाला म्हणायचे?

२९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्रिभाषा सूत्राचा वाद मला इथे पुन्हा उकरायचा नाही. तो बोलून बोलून गुळगुळीत झाला आहे. मला त्या शब्दबदलाची चिंता वाटते, कारण तो एकटा नाही. सक्ती करायची असते, पण सक्ती केली असे दिसू द्यायचे नसते, तेव्हा मराठी कागदांवर ठरावीक शब्दांची ये-जा सुरू होते: ऐच्छिक, स्वेच्छेने, इच्छुकांनी, शक्यतो, सर्वसाधारणपणे. माझे म्हणणे एवढेच की उघड सक्ती परवडली, पण हे शब्द नकोत. सक्तीला मालक असतो. कोणीतरी सही करून सांगितलेले असते की हे तुम्हाला करावेच लागेल, आणि मग त्या सहीला विधानसभेत, न्यायालयात, निवडणुकीत जाब विचारता येतो. 'ऐच्छिक' लिहिले की मालकी पालटते. उद्या बिघडले तर बोट तुमच्याकडे: तुम्हीच तर हो म्हणालात.

मराठीत या शब्दांची वाण नाही, उलट चंगळ आहे, आणि जुने वापर बरेच नेमके आहेत. मुभा देणारा कोणी वर बसलेला असतो. खुशी आपली आपण असते. सवलत म्हणजे नियम कायम, तुमच्यापुरता सैल. यथाशक्ती या शब्दात तर किती द्यायचे हे देणाऱ्यावर सोपवून मागणारा स्वतःला बांधून घेतो. ऐच्छिक आणि वैकल्पिक यांतला फरक मात्र हल्ली कोणी पाळत नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय असतो. तो घ्यावाच लागतो. लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण त्याचे. इतिहास घ्यायचा की भूगोल एवढेच तुम्ही ठरवायचे. वैकल्पिक म्हणजे हे किंवा ते. ऐच्छिक म्हणजे हवे तर. जूनच्या त्या निर्णयात तिसरी भाषा ऐच्छिक कधीच नव्हती, ती घ्यायचीच होती. हिंदी फार तर वैकल्पिक होती, आणि तीही वीसच्या अटीने लंगडी.

व्याकरणकारांना या भेदांची जाण आपल्यापेक्षा जास्त होती. पाणिनीच्या सूत्रांत एखादा नियम लावला तरी चालेल, न लावला तरी चालेल, हे सांगायला तीन शब्द येतात: वा, विभाषा आणि अन्यतरस्याम्. शेकडो वर्षे टीकाकारांनी ते समानार्थी मानले. १९७९ मध्ये पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने मांडले की ते समानार्थी नाहीत. 'वा' म्हणजे दोन्ही चालते, पण लावलेले बरे. 'विभाषा' म्हणजे चालते, पण न लावलेले बरे. आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे खरोखर कसेही, आमचा कल कुठेच नाही. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही. तरी अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणारा व्याकरणकार एकाच अर्थाला तीन शब्द उगाच वापरील, हे मलाही अवघड वाटते. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक तर विकल्पाला आठ दोषांनी दूषित मानत आणि दुसरा काही मार्गच उरला नाही तर तो पत्करत. मोकळीक देणे ही जोखमीची गोष्ट आहे, ती देताना आपला कल किती आणि कुठे हे सांगावे लागते, ही समज आपल्याकडे जुनी आहे. आपल्या शासन निर्णयांत पाणिनीचा 'वा' असतो आणि जनतेला तो 'अन्यतरस्याम्' म्हणून वाचून दाखवला जातो.

कल असणे हा गुन्हा नाही, हेही इथेच सांगून टाकतो. काहीच न निवडणाऱ्याचे काय करायचे हे कोणालातरी आधी ठरवावेच लागते आणि त्या ठरवण्यात प्रचंड ताकद असते. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या अवयवदानाची आकडेवारी मांडली. जर्मनीत दाता व्हायचे तर नोंद करावी लागे. तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात दाता व्हायचे नसेल तर नोंद करावी लागे, तिथे ९९.९८ टक्के. भाषा एक, सीमा लागून, माणसेही फार निराळी नाहीत. फरक एवढाच की गप्प बसलेल्या माणसाला कोणत्या रकान्यात टाकायचे. ऑस्ट्रियाने केले ते वाईट, असे मी म्हणत नाही. पण त्या ९९.९८ टक्क्यांना 'जनतेची इच्छा' म्हणू नये. ती कायद्याची इच्छा आहे, जनतेने तिला हरकत घेतलेली नाही, इतकेच.

पीकविम्याचे पाहा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली तेव्हा कर्जदार शेतकऱ्याला ती बंधनकारक होती. बँक पीककर्ज देई आणि हप्ता कापून घेई. शेतकरी संघटनांनी हे वर्षानुवर्षे लावून धरले की विमा घ्यायचा की नाही हे शेतकऱ्याला ठरवू द्या. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना ऐच्छिक केली, त्याच वर्षीच्या खरिपापासून. टाळ्या पडल्या. मग नियम वाचावा, तर बिगरकर्जदाराला विमा हवा असेल तर त्याने अर्ज करायचा आणि कर्जदाराला नको असेल तर त्याने तसे लिहून द्यायचे, तेही अंतिम तारखेच्या सात दिवस आधी. लिहून दिले नाही तर हप्ता पूर्वीसारखाच कापला जाणार. एकाच योजनेत 'ऐच्छिक' या एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ: एकाचे मौन म्हणजे नाही, दुसऱ्याचे मौन म्हणजे हो. आणि ज्याचे मौन हो धरले जाते तो नेमका कर्जात अडकलेला माणूस. पेरणीच्या धांदलीत, पावसाकडे डोळे लावून बसलेल्या त्या माणसाने तालुक्याच्या बँकेत जाऊन 'मला नको' असा अर्ज द्यायचा आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच टेबलासमोर कर्जासाठी उभे राहायचे आहे.

विमा त्याच्या फायद्याचा नाही का? असेलही. पाऊस दगा देतो तेव्हा विमा नसलेला शेतकरी उघड्यावर पडतो, हे खरेच आहे. मग तसे स्पष्ट म्हणा की तुमच्या आणि बँकेच्या भल्यासाठी आम्ही हा हप्ता कापणार आहोत. भरपाई मिळाली नाही तर शेतकरी तुम्हाला विचारील की तुम्ही सक्ती केली होती, आता बोला. हा प्रश्न टळावा, हा ऐच्छिक शब्दाचा मोठा फायदा आहे आणि तो शेतकऱ्याच्या वाट्याला येत नाही.

गंमत म्हणजे मौनाचा अर्थ काय धरायचा याचे उत्तर आपल्या संविधानात एका ठिकाणी अगदी नेमके दिले आहे. अनुच्छेद २८(३) म्हणतो की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या पैशातून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही, त्या व्यक्तीने, आणि ती अल्पवयीन असेल तर तिच्या पालकाने, संमती दिलेली असल्याखेरीज. 'हरकत घेतलेली नसल्यास' असे तिथे म्हटलेले नाही. संमती आधी यायला हवी. गप्प बसलेले मूल बाहेर राहील. ज्या वर्गात सगळे हात जोडून बसलेले असतात तिथे उठून बाहेर जाण्याचे ओझे सात वर्षांच्या पोरावर टाकायचे नाही, हा विचार त्या वाक्यरचनेत आहे.

आधारच्या बाबतीत हा शब्द जितका ताणला गेला तितका क्वचितच दुसरीकडे ताणला गेला असेल. २०१३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होता कामा नये. ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितले की आधार बंधनकारक नाही, याची सरकारने जाहीर प्रसिद्धी करावी. ऑक्टोबरात पुन्हा बजावले की योजना निव्वळ ऐच्छिक आहे. एकच गोष्ट ऐच्छिक आहे हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, यातच काय ते आले. त्या वर्षांत कागदावर ऐच्छिक आणि खिडकीवर 'आधारची झेरॉक्स आणा' असा दुहेरी कारभार चालला. शेवटी २०१६ चा कायदा आला, अनुदाने आणि लाभांसाठी आधार मागण्याची तरतूद झाली. २०१७ मध्ये पॅनशी जोडणी आली. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने या दोन्ही गोष्टी टिकल्या आणि बँक खाते व मोबाइल सिमची सक्ती गेली. मला तो निकाल सगळा पटत नाही. पण कायदा येऊन सक्ती उघड झाली, म्हणून तर ती तपासता आली आणि तिचा काही भाग उडवता आला. आधीच्या 'ऐच्छिक' काळात खिडकीवरून परत पाठवलेला माणूस भांडणार कोणाशी? खिडकीमागचा म्हणे वरून आदेश आहे, आणि वरचे म्हणत आम्ही तर ऐच्छिक म्हटले आहे.

कोविडच्या दिवसांतले आरोग्य सेतू आठवते? १ मे २०२० च्या आदेशात खासगी आणि सरकारी सर्व कर्मचाऱ्यांना ते ॲप बंधनकारक होते. १७ मेला भाषा मवाळ झाली; कर्मचाऱ्यांच्या फोनवर ॲप असेल यासाठी मालकांनी शक्य तितके प्रयत्न करावेत. सरकारने आपली सक्ती काढून घेतली आणि ती करण्याचे काम मालकाला दिले. नोकरी जाण्याच्या त्या दिवसांत मालकाच्या 'शक्य तितक्या प्रयत्नां'ना कोण नाही म्हणाले असते!

यावर एक ठरलेले उत्तर येते: कोणी डोक्याला बंदूक लावली होती का? नाही म्हणायचे होते! हे उत्तर कायद्यानेही कधी मान्य केलेले नाही. १८७२ चा भारतीय करार अधिनियम नुसत्या संमतीवर थांबत नाही, 'मुक्त' संमती मागतो, आणि धाकदपटशाच्या शेजारीच अनुचित प्रभाव ठेवतो, म्हणजे एकजण दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा स्थितीत असणे आणि त्याचा गैरफायदा घेणे. त्याहून पुढचे पाऊल १९८२ मध्ये पडले. दिल्लीच्या आशियाई खेळांची बांधकामे चालू होती, मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. ते स्वतः कामाला आले होते, साखळदंडाने कोणी आणले नव्हते. तरीही न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात राबावे लागणे ही अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठच आहे, कारण भूक आणि दारिद्र्य ज्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवत नाहीत त्याच्यावर झालेली तीही सक्तीच. श्रमदान आणि वेठबिगार यांत घाम सारखाच गळतो. फरक पडतो तो न येण्याची सोय होती की नाही याने.

बाजाराने हे सगळे सरकारपेक्षा लवकर ओळखले. हॉटेलच्या बिलातले सेवाशुल्क ऐच्छिक असते, पण ते आधीच बेरजेत धरलेले असते आणि चारचौघांत, सोबतच्यांसमोर, 'हे काढा' असे म्हणायचे ग्राहकाने. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप लावायला मनाई केली; हॉटेलवाले न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संकेतस्थळांवरच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात ग्राहकाला लाजवून होकार मिळवण्याचे उदाहरण मला फार आवडते. विमानाचे तिकीट काढताना विमा नको असेल तर जे बटण दाबायचे त्यावर 'मी असुरक्षितच राहीन' अशा अर्थाचे वाक्य. नकार दिलेला आहे, पण तो स्वतःच्या तोंडून स्वतःला मूर्ख म्हणवून घेतल्यावरच मिळतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले होते की आधीपासून टिकमार्क केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे आले आहे. विशेषणे पाचही चांगली आहेत. हीच विशेषणे सरकारने स्वतःच्या परिपत्रकांना लावून पाहावीत.

सरकारला स्पष्ट लिहिता येत नाही असे नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा केला. टप्प्याटप्प्याने लागू करायचा आणि मोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड. त्यात 'सर्वसाधारणपणे' नाही. हिंदीला विरोध करणाऱ्यांना नेमका इथे चिमटा काढला जातो: मराठीची सक्ती चालते, हिंदीची का नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागते, राज्याची भाषा, बदलीच्या नोकरीतली मुले, मुलाचे वय असे सगळे मुद्दे काढून. पण असे भांडण उभे राहू शकते ते सक्ती सक्ती म्हणून लिहिली होती म्हणून. विधेयक आले, चर्चा झाली, दंड किती हे ठरले, विरोध करणाऱ्याला कशाला विरोध करायचा ते कळले. 'सर्वसाधारणपणे'शी कसे भांडणार?

याच राज्याने १९७६ मध्ये, आणीबाणीत, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले होते. ते भयंकर होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्याच वर्षी देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक कागदोपत्री स्वेच्छेने, आणि शिक्षकांना कोटे देऊन, पगार व परवाने अडवून. उघड सक्ती विधेयकाच्या पायरीवर अडली; लपलेली सुसाट गेली. उघड सक्तीच बरी असे मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असते.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्या कागदावर ऐच्छिक हा शब्द येईल त्याच कागदावर, त्याच टायपात, हेही यावे की नाही म्हणायचे असेल तर कोणाकडे, कसे, कधीपर्यंत. आणि नाही म्हटल्यावर काय होईल. 'काहीही होणार नाही' हे उत्तर असेल तर तसे लिहायला काय जाते? आणि ते लिहिता येत नसेल तर शब्द बदला. शाळेच्या 'स्वेच्छा देणगी'च्या पावतीवर 'देणगी न दिल्यास प्रवेशावर परिणाम होणार नाही' असे छापायची किती संस्थांची तयारी आहे? देणगीवजा शुल्काला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. तो असूनही वसुली चालते ती याच एका शब्दाच्या आडोशाने. असा नियम केला तर अर्ध्या ऐच्छिक गोष्टी एका रात्रीत अनिवार्य होतील, अशी भीती मला काहीजण घालतात. होऊ देत. त्या आजही अनिवार्यच आहेत, फक्त त्यांच्याविरुद्ध अर्ज करायला जागा नाही.

मात्र या मागणीची धाव कुठवर आहे तेही पाहिले पाहिजे, आणि ती थांबते घराच्या उंबऱ्याशी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रोज नोंदवली जाणारी हक्कसोडपत्रे वाचा. वडील गेलेले असतात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. आणि मुलगी लिहून देते की सदर मिळकतीतील माझा हिस्सा मी भावाच्या लाभात, विनामोबदला, माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता सोडला आहे. इतक्या जोरकसपणे 'ऐच्छिक' म्हणणारे दुसरे वाक्य मराठीत सापडायचे नाही. ते तिचे नसते. दस्तलेखकाच्या संगणकात ते तयार असते. नाव, गट नंबर, चतुःसीमा तेवढ्या बदलतात. निबंधक विचारतो की सही तुमचीच ना, दस्त तुम्हीच करून दिला ना. का दिला, हे विचारायचे त्याचे कामच नाही.

काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात. भाऊ शेत कसतो, आईला सांभाळतो, आपले बरे चालले आहे. यात खोटे काही नाही आणि त्यांच्या औदार्यावर संशय घेणारा मी कोण? पण ज्यांना सोडायचे नसते त्याही तेच वाक्य लिहून देतात. माहेर तुटेल, दिवाळीला बोलावणे येणार नाही, आईला भेटायला गेले तर वहिनी पाणी देईल पण बोलणार नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते असे. इथे नकाराचा परिणाम छापून घेता येत नाही, कारण तो कोणत्याच कायद्यात नसतो, आणि भावाने बहिणीशी बोललेच पाहिजे असा कायदाही करता येत नाही.

तरी एक गोष्ट हातात आहे, आणि ती तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ठाऊक असून सहसा कोणी बोलत नाही. वारसनोंदीची गडबड आणि हक्कसोड या दोन गोष्टी नेहमी एकत्र उरकल्या जातात, तेराव्याला आलेली बहीण परत जायच्या आत, जणू काही एकीवाचून दुसरी अडते. अडत नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून सगळ्यांची नावे लागायला हक्कसोडपत्र लागत नाही. नाव आधी लागू द्यावे. सोडायचेच असेल तर हिस्सा पुढच्या वर्षीही सोडता येतो, आई गेल्यावरही, दहा वर्षांनीही. पीकविम्यासारखी त्याला अंतिम तारीख नाही.